नुसतं बघण्यासाठी एक बुडी

बेटावरच्या त्या बाईनं आम्हाला ‘येऊ नका’ असं कधीच कळवलं नव्हतं. ते मी सांगितलं, तिच्या नावावर. ही गोष्ट आजवर मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवी होती त्या माझ्या दोस्ताजवळ तर नाहीच.

दोस्त नांदेडला असतो. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान आहे. मूळचा हदगावकडचा, माझ्या मामाच्या गावचा. मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. शाळेत होतो तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडं जायचो, आणि आम्ही दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलो. शिकायची रीत ठरलेली होती. तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, त्याचं तोंड झाळून बंद करायचं, तो पोराच्या पाठीला दोरीनं बांधायचा आणि पोराला वरून ढकलून द्यायचं. डबा बुडू देत नाही. आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी मोठं माणूस पाण्यातच दोरी सोडतं, आणि मग तुम्हाला पोहायला आलं असं गाव समजतं.

दोस्ताचा डबा चौथ्या दिवशी सुटला. पाचव्या दिवशी तो तळाचा गाळ मुठीत घेऊन वर आला. माझा डबा दोन उन्हाळे सुटला नाही. पुढं सुटला, मी हात मारायला शिकलो, आजही सकाळी पोहण्याच्या तलावात वीस-पंचवीस फेऱ्या मारतो. पण डोकं पाण्याखाली गेलं की छातीत काहीतरी आवळतं, ते अजून आवळतंच. हे कधी कुणाच्या लक्षात आलं नाही. डोकं वर ठेवून पोहणाऱ्यावर कोण कशाला शंका घेईल?

दोस्ताचं बरोबर उलटं. कुणाची घागर पडली, बादली सुटली, मोटारीचा पाइप गाळात रुतला की त्याला बोलावणं यायचं. पुढं हाच त्याचा धंदा झाला. मोटार दुरुस्त करणारे नांदेडात पुष्कळ आहेत, पण विहिरीच्या तळाशी जाऊन पाइप मोकळा करून देणारा हा एकटाच. दोनदा त्यानं माणसंही वर काढली. त्याबद्दल तो बोलत नाही, आणि मीही विचारत नाही.

एका दिवाळीत मी त्याच्या दुकानात बसलो होतो. मोबाइलवर समुद्राच्या तळाचा व्हिडिओ होता. निळं पाणी, पिवळे मासे, आणि एक माणूस पाठीला सिलिंडर लावून निवांत तरंगतोय.

“मास्तर, हे बघ,” तो म्हणाला. मी मास्तर झाल्यापासून त्यानं मला नावानं हाक मारलेली नाही. “म्या आजवर जेवढ्या बुड्या मारल्या ना, त्या काही ना काही काढायलाच मारल्या. खाली दिसत तर काहीच न्हाई. सगळं हातानं चाचपायचं. एक डाव नुसतं बघायला बुडी मारायची हाय. काढायचं काहीच न्हाई.”

“कुठं?”

“समुद्रात. अन् कुठं, आसना नदीत?”

मी म्हणालो, जाऊ की. आपल्याकडं असं म्हणायची पद्धतच आहे. काशीला जाऊ, काश्मीरला जाऊ, कुणी धरून बसत नाही. यानं धरलं. महिन्याभरात पासपोर्टचा अर्ज भरून मोकळा. चौकशीला आलेल्या पोलिसानं विचारलं, परदेशात कशाला चाललाव? हा म्हणाला, “पाण्यात बुडायला.” पोलीस म्हणाला, “त्यासाठी इतक्या लांब कशाला, गोदावरी हाय की.” हा किस्सा त्यानं मला फोनवर चार वेळा सांगितला, आणि चारही वेळा स्वतःच आधी हसला.

आमच्या स्टाफरूममध्येही गंमत झालीच. ज्या गावाला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं तिथला माणूस समुद्रात बुडी मारायला निघालाय, म्हणून सगळे हसले. बायको म्हणाली, “आम्ही दोघी काठावर बसतो आणि तुमचे कपडे सांभाळतो. आणखी काय!” म्हणजे ती आणि दोस्ताची बायको. आम्ही चौघं जाणार होतो.

बेट मी शोधलं. पूर्वेकडच्या समुद्रातलं, नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल एवढं. नाव लिहीत नाही, ती बाई ओळखू येईल. एकच होडी, सहा खोल्या आणि तीन माणसं यांवर ती पाहुण्यांना पाण्याखाली नेण्याचं काम करायची. तिचा-माझा पत्रव्यवहार मोबाइलवर इंग्रजीत चाले. दोस्ताला इंग्रजी येत नाही. ती काय म्हणते ते मी त्याला मराठीत सांगायचो, तो काय म्हणतो ते मी तिला इंग्रजीत कळवायचो. दोघांचाही माझ्यावर पूर्ण विश्वास होता, आणि दोघांना दुसरा इलाजही नव्हता.

तिनं एक फॉर्म पाठवला. बुडी मारणाऱ्याची तब्येत कशी आहे याचे प्रश्न. मी फोनवर दोस्ताला एकेक वाचून दाखवला.

“दमा आहे का?”

“न्हाई.”

“कानाचा पडदा फाटलाय का?”

“न्हाई. लहानपणी थोडा वाहायचा, आता न्हाई.”

“पाण्याखाली घाबरायला होतं का?”

तो इतका हसला की दुकानातला कुणीतरी विचारायला आला, काय झालं म्हणून. “हिरीत उतरणाऱ्याला काय इचारून राहिले हे! लिही, पाणीच मला घाबरतंय.”

मग मी माझा फॉर्म भरला. त्याच प्रश्नापुढं मीही ‘नाही’ अशी खूण केली.

थोड्या दिवसांनी मी तोंडावर लावायचा चष्मा आणि नळी मागवली आणि एका सकाळी तलावात सराव करायला गेलो. उथळ भागात, जिथं माझी छाती पाण्याच्या वर राहते. चष्मा लावला, डोकं खाली घातलं. चष्म्यात थोडं पाणी शिरलं. एवढंच झालं, आणि मी असा हातपाय झाडत वर आलो की शेजारच्या आजोबांना माझी कोपरं लागली. त्यांनी विचारलं, “काय हो, पायात गोळा आला का?” मी म्हणालो, हो. नंतर पाच-सहा वेळा प्रयत्न केला. दरवेळी तेच. आमच्या निघण्याला तेव्हा दोन महिने होते, आणि दोस्त रोज सकाळी फोन करून विचारायचा, “मास्तर, आज किती वेळ दम धरला?” मी आकडे सांगत गेलो.

आणि मग ते चक्रीवादळ आलं.

सकाळी मोबाइलवर बातमी दिसली. त्या बेटांवरून गेलं होतं. घरांची छपरं गेली, नारळाची झाडं आडवी झाली, किती माणसं गेली ते अजून कळायचं होतं. ते वाचताना माझ्या तोंडातून शब्द निघाले, “बरं झालं.”

खरंच निघाले. मोठ्यानं.

स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, “काय बरं झालं?”

त्याच वेळी नशिबानं नळाला पाणी आलं होतं. मी म्हणालो, “नळ आले ते.” ती बादल्या घेऊन धावली. मी खुर्चीत बसून राहिलो. लोकांची घरं उडाली होती आणि माझ्या छातीत आवळलेलं सुटलं होतं. त्या माणसाबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल, मला तेव्हाच काय वाटायचं ते वाटलं; पण छाती हलकी झाली होती हेही खरं आहे.

पाचव्या दिवशी तिचा निरोप आला. लांबलचक होता. सगळी माणसं वाचली होती. होडी दोन घरं ओलांडून नारळाच्या बुंध्याला अडकली होती, ती उतरवली होती, तळ सांधला की चालेल. उत्तरेकडचं प्रवाळ मोडलं होतं, दक्षिणेकडचं शाबूत होतं. सिलिंडरमध्ये हवा भरायच्या यंत्राची मोटार खाऱ्या पाण्यात बुडाली होती, आणि ती दुरुस्त करणारा माणूस मोठ्या बेटावरून यायला महिनाभर लागणार होता. शेवटी तिनं लिहिलं होतं : तुम्ही आला नाहीत तर मला समजेल. पण आलात तर तुम्ही वादळानंतरचे आमचे पहिले पाहुणे असाल. बुडी जमली नाही तरी या. आमच्या माणसांना पुन्हा कुणासाठी तरी स्वयंपाक करायचा आहे. आठवडाभरात कळवा, तोवर ते दिवस मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

तिला काय म्हणायचंय हे मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. आमच्याकडं भूकंप झाला तेव्हा माझ्या मावशीचं घर पडलं होतं. पुढं कितीतरी दिवस जीपा भरभरून माणसं यायची. कुणी कपडे द्यायचं, कुणी फोटो काढायचं. मावशी पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. एकदा एक म्हातारा शेडच्या दाराशी आला आणि म्हणाला, “बाई, घोटभर चहा मिळंल का?” तीन दगडांवर तिनं चहा केला. मावशी मरेपर्यंत ते सांगायची, “सगळे द्यायलाच आलते रे. मागायला तो एकटा आला. त्या दिवशी मला वाटलं, माझं घर हाय.”

ही गोष्ट माहीत असलेला माणूस तो निरोप वाचत होता.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला लिहिलं, माझ्या मित्राच्या कानाचं दुखणं उपटलं आहे, डॉक्टरांनी पाण्यात उतरायला मनाई केली आहे, माफ करा. तिचं उत्तर लगेच आलं, की काळजी करू नका, कान आधी, समुद्र कुठं जात नाही.

मग दोस्ताला फोन लावला. “ती म्हणते, येऊ नका. सगळं गेलंय. खायला-प्यायलाच नाही काही.”

फोनवर त्याच्या मागं कुणीतरी लोखंडावर हातोडी मारत होतं.

“बरोबर हाय तिचं,” तो म्हणाला. “घरावर असं संकट आल्यावर पाहुण्याला कोण बोलावतंय? माणसं हायेत ना सगळी?”

“आहेत.”

“मग झालं तर. तिला इचार, काय पाहिजे. आपण पाठवू. पण इचारून पाठवू. भूकंपात आपल्याकडं लोकरीचे कोट आलते, ध्यानात हाय ना? नीट इचार.”

मी म्हणालो, विचारतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला त्याच्या आवाजात एक निरोप पाठवला. पाऊण मिनिटाचा आहे. तिच्यासाठी. वर मला सूचना, की हे इंग्रजीत लिहून आवाजासकट पाठव, आवाजानं माणसाला धीर येतो. तो म्हणतो : “ताई, रामराम. म्या नांदेडहून बोलून राहिलो. मास्तरनं सांगितलं तुमचं लई नुकसान झालं. एक सांगतो. तुमच्याकडं मोटारी आसतील. पाण्यात भिजल्या आसतील तर लगेच चालू करू नका, जळंल. आधी गोड्या पाण्यानं धुवा. चार दिवस उन्हात वाळवा. मग वाइंडिंग तपासा. तिथं कुणी नसंल तर मला मोबाइलवर दाखवा, म्या इथून सांगतो, काय सोडायचं, काय बांधायचं. आमी येऊ मागनं. घाई न्हाई. जपून राहा.”

मोटारीचं मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानंच ताडलं. पाण्यात बुडालेल्या गावाला कशाची गरज असते ते त्याला ठाऊक होतं. त्या बेटावर एक मोटार बंद पडून होती, तिच्यामुळं तीन माणसांचं काम बंद होतं, आणि ती चालू करून देणारा माणूस नांदेडात बसून ‘मला दाखवा’ म्हणत होता. मधे फक्त मी होतो.

तो निरोप मी पुढं पाठवला नाही. पाठवला असता तर तिनं विचारलं असतं, याचा तर कान दुखतोय ना? आणि हा मागनं येऊ म्हणतोय, मग तुम्ही ‘नाही’ का म्हणालात?

खोटं एकदा बोललं की संपतं, असं मला वाटत होतं. पण दोस्त विसरणारा नव्हता. दर आठवड्याला फोन. “बाईचा काही निरोप?” पहिल्यांदा मी ‘नाही’ म्हणालो. दुसऱ्यांदा त्याच्या आवाजातली काळजी ऐकवेना, म्हणून मी सांगितलं, छपरं बसली म्हणे. तो खूष झाला. मग पुढच्या आठवड्यात मी शाळा सुरू केली. त्यानंतर होडीला रंग दिला. “कोणता?” त्यानं विचारलं. मी म्हणालो, निळा. “अन् मोटारी?” मी म्हणालो, तुझा निरोप ऐकून धुतल्या त्यांनी, चालू झाल्या. तुझे आभार मानलेत.

“खरंच?” तो म्हणाला. मग दुकानात कुणाला तरी ओरडून सांगितलं, “अरे, समुद्रापलीकडं मोटार चालू केली आपण, हितं बसून!”

असं अख्खं बेट मी लातुरात बसून उभं केलं. माझ्या बेटावर सगळं लवकर लवकर नीट होत होतं. खऱ्या बेटावर काय चाललं होतं, ते मी एकदाही विचारलं नाही.

आमच्यात म्हणतात, वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. घर ऐकत असतं, आणि तुमच्या तोंडातून जे निघालं त्याला ‘तसंच होवो’ म्हणून मोकळं होतं. मी इंग्रजीचा मास्तर, असलं मानत नाही. पण पुढच्या पावसाळ्यात दोस्त देगलूरकडच्या एका विहिरीत पाइप काढायला उतरला आणि वर आला तो कान धरूनच. पाण्यातली घाण आत गेली होती. लहानपणी वाहायचा तोच कान. पू झाला, पडदा फाटला, शेवटी ऑपरेशन झालं.

मी नांदेडला दवाखान्यात गेलो. डोक्याला पांढरी पट्टी गुंडाळून तो कॉटवर बसला होता, बायको मोसंबी सोलत होती.

“डॉक्टर म्हणला, आता पाण्याखाली जायचं न्हाई,” ती मला म्हणाली. “हिरीत न्हाई अन् समुद्रात बी न्हाई. लई ऐकवलं त्यानं. भावजी, तुमीच सांगा आता यांना.”

“काय सांगणार मास्तर?” तो म्हणाला. “डॉक्टरला मी इचारलं, नुसतं बघायला एकदा? म्हणला, एकदा बी न्हाई.” मग हसला. “तवाच गेलो असतो तर झालं असतं बघ. पण वादळाला काय आपण बोलावलं होतं?”

मी मोसंबीच्या साली गोळा करत होतो. एका कागदात भरल्या, पुडी केली, ती टाकायला बाहेर गेलो, परत आलो. सांगायचं ठरवूनच लातूरहून निघालो होतो. बसमध्ये वाक्यंही जुळवली होती.

“आता तू जा,” तो म्हणाला. “तुला तर पोहता येतंय. माझ्या वाटची बुडी तू मार, अन् मला नीट सांग काय काय दिसलं ते. फोटो नको. तुझ्या तोंडानं सांग. तुझं सांगणं चांगलं आसतंय. ते बेटाचं तू सांगायचास ना, मला सगळं दिसायचं.”

मी मान हलवली. त्यानंतर वाक्यं निघणं शक्यच नव्हतं.

गेल्या महिन्यात तिचा निरोप आला. तिनं ओळखीच्या सगळ्यांनाच पाठवला असावा, असं आधी वाटलं. फोटोत होडी होती. निळी नव्हती, पिवळी होती. खाली लिहिलं होतं, की ती मोटार शेवटी वाचली नाही, नवी यायला सहा महिने गेले, दोन माणसं काम सोडून मोठ्या बेटावर गेली, पण आता पुन्हा पाहुणे येतात. आणि त्याखाली एक ओळ खास मला : तुमच्या मित्राचा कान आता कसा आहे?

त्या ओळीला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मी आता रोज सकाळी तलावात उथळ भागात उभा राहून चष्मा लावतो आणि डोकं खाली घालतो. पाण्याखाली तळाच्या फरशा दिसतात, एक सुटा पडलेला प्लास्टरचा तुकडा दिसतो. परवा बारा आकडे मोजून झाले. यात शौर्य काही नाही. हे मी तेव्हाच करायला हवं होतं, किंवा तेव्हाच दोस्ताला म्हणायला हवं होतं की मला भीती वाटते, तू बुडी मार, मी काठावर बायकांबरोबर कपडे सांभाळतो. तो हसला असता, आयुष्यभर चिडवलं असतं, आणि खाली जाऊन पिवळे मासे बघून आला असता. मी एवढंच बोलायचं होतं.

तिचा वादळानंतरचा निरोप माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्याचा तिच्यासाठीचा आवाजही तिथंच आहे. तो आवाज तिला पाठवायचा राहिलाय. तिचा निरोप दोस्तासमोर बसून, एकही शब्द न गाळता, मराठीत वाचून दाखवायचा राहिलाय. ते ऐकून झाल्यावरही तो माझं तोंड बघायला तयार असला, तर त्याच्या वाटची एक बुडी मी त्याला देणं लागतो.